सँ-वेरांचा नकाशा: पावलांनी मोजलेले एक गाव

भूगोलाचा शिक्षक म्हणून माझी एकतीस वर्षे सातारा जिल्ह्यातील शाळांत गेली आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे नववीच्या मुलांना मी एकच गृहपाठ देत आलो. आपल्या गावाचा नकाशा, कोणताही छापील नकाशा न पाहता, पावलांनी मोजून काढायचा. मुले कुरकुर करीत, पण नकाशा पुरा होईपर्यंत विहीर त्याच जागी का खणली आणि देवळाचे दार त्या बाजूला का आहे, हे त्यांना न सांगता उमगलेले असे. निवृत्तीनंतर मुलीकडे फ्रान्समध्ये ग्रनोब्लला तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा हा गृहपाठ एकदा स्वतः करून पाहावा, आणि तोही ज्या गावाविषयी आपल्याला काडीचीही माहिती नाही अशा गावाचा, असे मनात आले. मुलीने आल्प्समधील सँ-वेरां हे गाव सुचवले. ती म्हणाली, "बाबा, गाव एवढेसे आहे, दोनशेच्या आसपास वस्ती, तुमचा कागद पुरेल." कागद पुरला नाही, पण ते पुढे येईलच.

आम्ही ग्रनोब्लहून आगगाडीने गाप आणि तेथून गाडी बदलून माँदोफँ-गियेस्त्र या स्थानकावर उतरलो. स्थानकाच्या डोक्यावरच, ग्विल नदी जेथे द्युराँस नदीला मिळते तेथील पठारावर, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा दुर्गरचनाकार वोबाँ याने १६९३ मध्ये वसवलेला किल्ला उभा आहे. त्याच्यासाठी वेळ नव्हता. तेथून बस ग्विलच्या घळीत शिरते. रस्ता कड्यातून खोदलेला, खाली पाणी, आणि आकाशाची एक चिंचोळी पट्टी. याच नदीच्या जून १९५७ मधील महापुराने केरास नावाच्या या संपूर्ण खोऱ्याची वाताहत केली होती. घळ संपून खोरे उघडते तेव्हा समोरच्या खडकावर शातो-केरासचा किल्ला दिसतो, पुढे मोलीन गाव लागते, आणि तेथून एग ब्लांश या ओढ्याच्या काठाने चढत बस सँ-वेरांला पोहोचते. हंगामात पाहुण्यांच्या मोटारी गावाबाहेरच ठेवाव्या लागतात, त्यामुळे मधल्या रस्त्यावर पावले मोजणाऱ्या माणसाला कोणी भोंगा वाजवून बाजूला करीत नाही. माझ्या कामाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

गावाची उंची २०४० मीटर सांगितली जाते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ ४०० मीटर अधिक. युरोपातील सर्वात उंच गाव असा मान सँ-वेरां अभिमानाने मिरवते, परंतु भूगोलाच्या शिक्षकाने अशा वाक्यापाशी थोडे थांबावे. स्वित्झर्लंडमधील यूफ ही बारमाही वस्ती २१२६ मीटरवर आहे. मात्र ती एका मोठ्या ग्रामपंचायतीतील वाडी आहे, तर सँ-वेरां हे स्वतःची नगरसभा असलेले गाव आहे. वाडी मोजायची की गाव, यावर उत्तर बदलते. गावाचे जुने ब्रीद मला या आकड्यांच्या वादापेक्षा अधिक आवडले. देवाची भाकरी खाल्ली जाते अशी ही सर्वात उंचावरची वस्ती, असे ते सांगते. त्यातील भाकरी ही चर्चमधील प्रसादाची आहे, पण तेथील शेती समजून घेतल्यावर ती ताटातली भाकरीही वाटू लागते.

तेरा जुलैला सकाळी कामाला लागलो. १ सेंटीमीटरला २५ मीटर असे प्रमाण धरले, कारण गाव सुमारे एक किलोमीटर लांब असल्याचे ऐकले होते आणि माझा कागद ४२ सेंटीमीटरचा होता. माझे पाऊल ७२ सेंटीमीटरचे आहे. हा आकडा मी आयुष्यभर वापरला आहे आणि त्यावर माझा विश्वास होता. गावाचा मुख्य रस्ता डोंगराच्या उताराला आडवा, जवळजवळ समान उंचीच्या रेषेने जातो. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला, गुणाकार केला, आणि संध्याकाळी ध्यानात आले की गाव कागदाच्या बाहेर जात आहे. दुसऱ्या दिवशी दहा मीटरची नायलॉनची दोरी घेऊन मुलीला एका टोकाला उभे केले आणि पाऊल पुन्हा तपासले. ते ६१ सेंटीमीटर निघाले. पासष्टीच्या माणसाचा श्वास दोन हजार मीटरवर आखूड होतो तसे त्याचे पाऊलही आखूड होते, हे मी विचारातच घेतले नव्हते, आणि त्यापायी माझ्या कागदावर गाव जवळजवळ १८० मीटर लांबले होते. पहिला कागद फाडला. हीच चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला काय काय बोललो असतो, हे मुलीला चांगले ठाऊक असल्याने ती काही बोलली नाही.

त्यानंतर उत्तर दिशा निश्चित करायची होती. होकायंत्र होते, पण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत तेथे सुमारे ३ अंशांचा फरक पडतो, आणि उन्हाची कमतरता नव्हती, म्हणून काठीच्या सावलीची जुनी पद्धत वापरायचे ठरवले. सूर्य ऐन मध्यावर येतो तेव्हा सावली नेमकी उत्तरेकडे पडते, परंतु तो मध्यावर येतो केव्हा? याचे उत्तर गावाच्या भिंतींवरच लिहिलेले होते. सँ-वेरां आणि एकूणच केरासमध्ये घरांच्या दक्षिणेकडील भिंतींवर रंगवलेली सूर्यघड्याळे आढळतात. झारबुला नावाचा एक फिरता कारागीर इटलीच्या बाजूच्या पिएमाँतेहून येत असे आणि त्याने १८३३ ते १८८१ या काळात या डोंगराळ मुलुखात सुमारे शंभर घड्याळे रंगवली. संगमरवराचा आभास देणाऱ्या चौकटी आणि तेथे कधी न दिसलेले रंगीबेरंगी पक्षी ही त्याची खूण समजली जाते. त्याच्यासारख्यांनी रंगवलेल्या या घड्याळांखाली बहुधा एखादे वचन असते. तुम्हाला वाटते त्याहून अधिक उशीर झाला आहे, अशा अर्थाचे एक वचन या भागात विशेष प्रिय आहे.

वचन काहीही म्हणो, भिंतीवरचे घड्याळ मात्र माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या बरेच मागे होते. भिंतीवर दहा वाजले तेव्हा माझ्या घड्याळात ११ वाजून ३८ मिनिटे झाली होती. हा हिशेब मी तेथील एका डोणीच्या काठावर बसून वहीत मांडला. गाव ग्रिनिचच्या पूर्वेला ६.८७ अंशांवर आहे, म्हणजे तेथील सूर्याची वेळ ग्रिनिचच्या पुढे साडेसत्तावीस मिनिटे. पण फ्रान्सचे घड्याळ १९४० मध्ये जर्मन ताब्याच्या काळात मध्य युरोपाच्या वेळेवर गेले ते तेथेच राहिले, आणि त्यावर १९७६ पासून उन्हाळ्यातील एक तासाची भर पडते, म्हणून घड्याळ ग्रिनिचच्या पुढे पूर्ण दोन तास. फरक ९२ मिनिटे आणि थोडा वर. जुलैच्या मध्यास सूर्य स्वतःच्या सरासरीपेक्षा सुमारे सहा मिनिटे मागे असतो, ती मिळवली की १ तास ३८ मिनिटे. साताऱ्यात भारतीय प्रमाणवेळ आणि सूर्य यांत सरासरी ३४ मिनिटांचे अंतर पडते, आणि ते मी फळ्यावर कितीदा तरी मांडले आहे, तरी भिंतीवरच्या घड्याळाने ते असे समोर ठेवल्यावर आनंद झालाच. त्या दुपारी १ वाजून ३८ मिनिटांनी, चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाची पताका फडकत असताना, सव्वा मीटरच्या काठीची ५३ सेंटीमीटरची सावली मी चौकात खडूने आखली आणि नकाशाला उत्तर मिळाली.

उत्तर मिळाल्याबरोबर गावाची रचना स्पष्ट झाली. दरीच्या दोन उतारांपैकी उन्हाच्या उतारावर सगळी वस्ती आणि जुनी शेते आहेत, समोरच्या सावलीच्या उतारावर लार्च या सूचिपर्णी झाडांचे रान. फ्रेंचमध्ये या दोन उतारांना आद्रे आणि उबाक असे स्वतंत्र शब्द आहेत. आपल्या सह्याद्रीत डोंगराची बाजू पावसावरून ओळखली जाते, तेथे ती उन्हावरून ओळखली जाते. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य तेथे क्षितिजापासून जेमतेम २२ अंश चढतो, साताऱ्यात त्याच दिवशी तो ४९ अंशांवर असतो. बावीस अंशांचा सूर्य ज्याला हवा त्याने आपल्या आणि दरीच्या मध्ये दुसऱ्याचे घर उंच होऊ देता कामा नये. म्हणून एकामागे एक असलेल्या रांगा उतारावर पायरीपायरीने चढत गेल्या आहेत आणि प्रत्येक घराचे तोंड दक्षिणेकडे आहे.

मला सर्वात जास्त वेळ लागला तो मोकळ्या जागा मोजायला. माझ्या पहिल्या फाटलेल्या कागदावर मी गाव एक सलग पट्टा म्हणून काढले होते. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या मोहल्ल्यांत विभागलेले आहे: व्हिल, व्हिलार, फोरान, पिएर बेल, शातले, आणि थोडी बाजूला पडलेली रो ही वाडी. दोन मोहल्ल्यांच्या मध्ये गवताचे मोकळे पट्टे आहेत. प्रथम मला वाटले, येथे घरे पडली असावीत, लोक शहरात गेले असावेत. आपल्याकडच्या ओस पडलेल्या वाड्या पाहून डोळ्यांना तशी सवय झालेली असते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाईंना मुलीमार्फत विचारले, तेव्हा त्यांनी चुलीकडे बोट दाखवले आणि मग हाताने ज्वाळांची खूण केली. ते पट्टे आगीसाठी सोडलेले आहेत. लाकडाच्या घरांत वर्षभराची वैरण भरलेली असताना एका ठिणगीने सबंध गाव जळू नये, जळालाच तर एक मोहल्ला जळावा, हा त्यामागचा विचार. पाणीही तसेच विभागलेले आहे. मोहल्ल्या-मोहल्ल्यात लार्चच्या लाकडाचे नळ-हौद आहेत, जनावरांना पाजण्याची डोणी वेगळी, धुण्याची वेगळी. प्रत्येकाची पाव भाजण्याची भट्टी आपली, आणि बहुतेक मोहल्ल्यांपाशी एक उंच लाकडी क्रूस, ज्यावर येशूच्या अखेरच्या यातनांची साधने, म्हणजे हातोडा, खिळे, शिडी, भाला, आणि वर कोंबडा, असे सारे लाकडातून घडवून लावलेले असते. नकाशात खुणा घालताना मला जाणवले की मी एका गावाचा नकाशा काढत नसून शेजारी बसलेल्या काही लहान गावांचा काढत आहे.

घर आतून पाहण्यासाठी सूम या संग्रहालयात गेलो. ही गावातील सर्वात जुनी वास्तू समजली जाते, १६४१ ची. खाली जाड दगडी भिंतींचा मजला आहे आणि त्यावर लार्चचे आडवे ओंडके कोपऱ्यात एकमेकांत अडकवून रचलेला उंच माळा, ज्याला तेथे फ्युस्त म्हणतात. छपरावर लार्चच्या फळ्या, तर काही घरांवर पाटीसारख्या दगडी फरशा. खालच्या खोलीत माणसे आणि जनावरे हिवाळाभर एकत्र राहत, कारण गाई-मेंढरांच्या अंगची ऊब हेच फुकटचे इंधन होते. सुईणीच्या, शिक्षकाच्या आणि गाईच्या श्वासावर एकच खोली तापत असेल, असे मनात आले. विसाव्या शतकातही काही कुटुंबांनी हा रिवाज सोडला नव्हता. माळ्यासमोरचे लांब सज्जे मी आधी शोभेचे समजलो होतो, पण ते राय या गव्हासारख्या धान्याच्या पेंढ्या वाळवण्यासाठी आहेत. त्या उंचीवर धान्य शेतात पुरते पिकत नाही, अर्धे ओले कापून सज्जात पिकवावे लागते. शिवाय राय एका उन्हाळ्याच्या अखेरीस पेरली की पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीसच हाती येई, त्यामुळे यंदाचे पीक उभे असतानाच दुसऱ्या तुकड्यात पुढची पेरणी करावी लागे. ब्रीदातल्या भाकरीला अशी वर्षाहून अधिक प्रतीक्षा होती.

इतक्या दुर्गम जागी लोक अडाणी असतील अशी शहरी समजूत असते, आणि इतिहास तिला पार खोटी पाडतो. १३४३ मध्ये या भागाचा अधिपती दोफँ उंबेर दुसरा याने पैशाच्या मोबदल्यात डोंगरी खोऱ्यांना सनद दिली. त्यानुसार लोकांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडायचे, सभा भरवायच्या आणि कराची वाटणी आपसांत करायची. या वाटणीवरूनच त्या संघांना एस्कार्तों हे नाव पडले. असे पाच एस्कार्तों होते, त्यांत केरास एक, आणि घाटापलीकडचे तीन आज इटलीत आहेत, कारण १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने सीमा पाणलोटाच्या रेषेवर नेली. ज्यांचा कारभार कागदावर चालतो त्यांना वाचता यावे लागते. हिवाळ्यात या खोऱ्यांतून शिक्षक बाहेरगावच्या बाजारांत उभे राहत आणि टोपीत पिसे खोवीत. एक पीस म्हणजे वाचन-लेखन शिकवतो, दोन म्हणजे त्यासोबत गणितही, तीन म्हणजे लॅटिनसुद्धा. वेतनश्रेणी डोक्यावर लावून फिरण्याची ही पद्धत आपल्या खात्याला कधी सुचली नाही, हे बरेच झाले.

धर्माच्या बाबतीत मात्र हे खोरे फार पोळले. येथे प्रोटेस्टंट पंथ खोल रुजला होता, आणि १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देणारा नांतचा आदेश रद्द केल्यावर कित्येक कुटुंबे डोंगर ओलांडून परागंदा झाली. आज गावात दगडी सिंह जपणारे कॅथलिक चर्च आहे आणि प्रोटेस्टंटांचे साधे प्रार्थनागृहही आहे. नकाशात दोघांना मी एकाच आकाराची खूण दिली.

सोळा जुलैला मोजणी बंद ठेवली आणि ओढ्याच्या काठाने क्लोझिसच्या चॅपेलकडे चालत गेलो. मेरीमातेचे हे एकाकी देऊळ सुमारे २४०० मीटरवर आहे आणि त्या दिवशी तेथे यात्रा भरते. फ्रान्सच्या बाजूचे लोक खालून येतात आणि पिएमाँतेचे यात्रेकरू २८४४ मीटर उंचीचा सँ-वेरांचा घाट उतरून वरून येतात. उत्रेख्तच्या तहाने तोडलेली खोरी वर्षातून एकदा गवतावर बसून एकत्र भाकरी मोडतात, हे पाहताना मला आमच्या घाटमाथ्यावरच्या जत्रा आठवल्या. वाटेत हिरव्या संगमरवराची जुनी खाण लागते, आणि चॅपेलच्या परिसरात तांब्याची. तांब्याचे खोदकाम येथे कांस्ययुगात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी सुरू झाले आणि विसाव्या शतकात पुन्हा काही काळ चालून थांबले. पायाखालचा खडक चकचकीत, पापुद्र्यांचा आहे, आणि त्यात मधूनमधून काळपट हिरवे खडक. हा सारा एका लुप्त महासागराचा तळ आहे. आफ्रिका आणि युरोप जवळ येताना तो चिरडून वर ढकलला गेला. आयुष्यभर बेसॉल्टच्या थरांवर चाललेल्या माणसाला दोन हजार मीटरवर समुद्राच्या तळावर उभे असल्याचे पटायला थोडा वेळ लागतो.

तेथून दिसणाऱ्या शातो-रनार शिखराच्या अंगावर, २९३० मीटरच्या आसपास, पॅरिस वेधशाळेने १९७४ मध्ये सूर्याच्या अभ्यासासाठी बांधलेली घुमटाकार वेधशाळा आहे. १९९० पासून हौशी खगोलनिरीक्षकांची संस्था ती चालवते, आणि ६२ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून त्यांनी अनेक लघुग्रह शोधले आहेत. माझे गुडघे तेवढे चढले नाहीत.

परतताना गावाच्या नावाची कथा ऐकली. सहाव्या शतकातील काव्हायाँचा बिशप वेरां याने दक्षिणेत फाँतेन-द-व्होक्लूझच्या झऱ्यापाशी कूलोब्र नावाच्या सर्पाकृती राक्षसाला जखमी केले. तो उडत आल्प्सकडे पळाला, त्याचे रक्त जेथे जेथे ठिबकले तेथे मुक्काम पडले, आणि तो मेला तेथे हे गाव वसले. दक्षिणेच्या सपाटीवरून उन्हाळ्यात मेंढरे वर आणणाऱ्या मेंढपाळांच्या वाटेचे मुक्काम या रक्ताच्या थेंबांनी दाखवले आहेत असे सांगतात. धनगरांच्या वाटा ज्याने पाहिल्या आहेत त्याला ही कथा नकाशाचाच एक जुना प्रकार वाटेल.

पाचव्या दिवशी शाई फिरवली. रो वाडी कागदात मावेना, म्हणून कोपऱ्यात चौकट आखून ती वेगळी काढली. मोहल्ल्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यांत मी आधी "पडीक" असे लिहिले होते, ते खोडून "आगीसाठी राखीव" असे लिहिले. पूर्ण झालेला नकाशा घरमालकीण बाईंपुढे स्वयंपाकघराच्या मेजावर ठेवला. देवनागरीतले एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी क्षणभर पाहिले, आणि कागद उलटा फिरवला, दक्षिण वर आणि उत्तर खाली. मी तो सरळ करायला हात पुढे केला तशी मुलगी म्हणाली, "बाबा, असू द्या, त्या त्यांच्या दारातून बघतायत." बाईंनी उलट्या कागदावर बोट ठेवून आपले घर शोधले, मग शेजारचा हौद, मग भट्टी, आणि माझी एक डोणी चुकीच्या बाजूला असल्याचे दाखवून दिले. ती मी दुरुस्त केली. उत्तरेचा बाण तसाच ठेवला, पण कागदाच्या दक्षिणेच्या कडेला पेन्सिलीने एक लहानसा सूर्य काढून त्याखाली वेळ लिहिली: एक वाजून अडतीस मिनिटे.